आखाजीचं उघडं पान

चांदचाचा माणसांना हातांवरून ओळखत. तोंडावरून ओळखणं त्यांना जमत नसे, कारण तोंडाकडे ते बघतच नसत. मी समोर उभा राहून चांगलं खणखणीत "चाचा, राम राम" म्हटलं तरी मान खाली ठेवूनच विचारायचे, "कोन शे?" आणि उत्तराची वाट न बघता म्हणायचे, "हात दखाड." मी हात पुढे केला की दोन बोटांनी मनगट धरून तो उलटापालटा करायचे आणि एकदम खूश व्हायचे. "अरे, हाऊ त वामन शे!" मी आल्याचा एवढा आनंद माझ्या घरी कुणाला झालेला मला आठवत नाही.

मला मिसरूड फुटलं, मिसरुडाच्या मिशा झाल्या, मिशांना मी चोरून एरंडेल लावू लागलो, त्यावर सगळं रनाळं गाव पोट धरून हसलं. चाचांना पत्ताच नव्हता. माझ्या उजव्या करंगळीजवळ विळ्याचा एक जुना व्रण आहे. चाचांच्या लेखी वामन म्हणजे तो व्रण. बाकीचा मी त्या व्रणाला मागून लटकलेला.

चाचा नंदुरबारचे मणियार. बांगड्यांच्या माळा खांद्यावर टाकून आमच्या रनाळ्याला आणि आसपासच्या गावांना पायी फिरायचे. ओसरीत बसून लेकीसुनांच्या हातात काचेच्या बांगड्या भरायचे. अर्ध्या गावातल्या बायांचे हात त्यांनी त्या पोरी होत्या तेव्हापासून धरलेले. मी एकदा विचारलं, "चाचा, तुम्ही कुणाच्या तोंडाकडे का बघत नाही?" तर म्हणाले, "बाईमानूसना हात धराना धंदा शे मन्हा. तोंडकडे देखं त धंदा गया, इमान बी गयं." आणि ही सवय बायांपुरती ठेवायचं त्यांना कधी सुचलं नसावं. पुरुष, पोरं, पाटलांचा घोडा, सगळ्यांशी ते खाली बघूनच बोलत.

पण मी सांगतोय ते बांगड्यांचं नाही. पत्त्यांचं आहे.

आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया, हा आमच्या खानदेशात लेकींचा सण. सासरी गेलेल्या पोरी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, गाणी म्हणतात, आंब्याचा रस ओरपतात. आणि त्या दिवशी पुरुषमाणसं पत्ते खेळतात. एरवी पत्त्याला हात लावला तर बाप फोडून काढायचा. आखाजीला तोच बाप शेजारी बसून "पान नीट धर" म्हणायचा. इंग्रजांचा अंमल होता, नंदुरबार पश्चिम खानदेशात मोडायचं, पण आखाजीच्या दिवशी फौजदारसुद्धा आमच्या गावावरून तोंड फिरवून जायचे.

खेळ तीन पानी. प्रत्येकाला झाकून तीन पानं वाटायची, ज्याची भारी त्याचा डाव. पण आमच्या गावाचे कायदे आमचे. आधी डाव लावायचा, मग पानं वाटायची. मागून वाढवायला बंदी, कारण एका आखाजीला वाढवता वाढवता गोष्ट कुऱ्हाडींवर गेली होती. दुसरा कायदा त्याहून कडक. वाटताना एखादं पान उघडं पडलं तर डाव मोडला. ज्यानं जे लावलं ते त्यानं उचलायचं. आणि मोडलेल्या डावातली वस्तू त्या दिवशी पुन्हा सतरंजीवर मांडायची नाही, अपशकुन असतो. हे दोन्ही कायदे वाचकांनी लक्षात ठेवावेत. मी ठेवले नव्हते, त्याचे परिणाम पुढे येतीलच.

आता पानं वाटायची कुणी? गावात वरली आळी आणि खालली आळी. वरल्या आळीनं वाटली तर खालली म्हणायची, लबाडी केली. खाललीनं वाटली तर वरलीला लाठ्या आठवायच्या. म्हणून कुणाचाच नसलेला हात पाहिजे. असा हात चांदचाचांचा. सकाळी ते लेकींना बांगड्या भरायचे, दुपारी पाटलांच्या खळ्यातल्या छपराखाली बसून पानं वाटायचे. स्वतः कधी खेळले नाहीत. "मन्हा धरममा नही." जिंकणाऱ्यानं खुशीनं काही पुढे केलं तरी हात मागे. जाताना आंब्यांची एक पाटी तेवढी न्यायचे.

एका वर्षी, आखाजीला महिनाभर अवकाश असताना, चाचांनी चावडीवर जाहीर केलं की या खेपेला पानं दुसरा वाटेल. त्यांचा उजवा अंगठा वाकडा झाला होता. मुळापासून आत वळलेला, गाजराला फाटा फुटावा तसा. त्या अंगठ्यानं बांगडी कशीबशी भरायची, पण पत्ता सरकेना. दुसरा म्हणजे कोण, यावर दोन्ही आळ्या भांडल्या आणि शेवटी एका नावावर आल्या: वामन. कारण सोपं होतं. माझी आई वरल्या आळीची, बाप खाललीचा, आणि दोन्ही आळ्यांचं माझ्याविषयीचं मत एकच होतं. मी पक्षपात करीन अशी भीती कुणालाच नव्हती. पक्षपाताला थोडी तरी अक्कल लागते.

आई म्हणाली, "तुन्हा हातमा दूधनी वाटी ऱ्हास नही, पत्ता काय ऱ्हाई!"

मला आईचं पटलं. एक तर माझ्या हातातून वस्तू पडतात, आणि दुसरं म्हणजे मी भित्रा आहे. मी साधा भित्रा नव्हे. पाटलांचं कुत्रं मेलं तरी वर्षभर मी त्या गल्लीतून जाताना पायजम्याचे पाय वर धरून जायचो. आणि ज्या सतरंजीवर पानं वाटायची तिच्या मधोमध कुत्र्याचे मालकच बसायचे, दौलत पाटील. देह दाराएवढा, आवाज बैलगाडीच्या आखासारखा, मांडीवर पितळी टोकाची लाठी आडवी. पाटील हरले की लाठीवर हात फिरवायचे. जिंकले तरी फिरवायचे, पण जरा हळू.

मी चाचांच्या पाया पडलो. म्हटलं, मला सोडा, मी घाबरतो. चाचांनी माझा हात हातात घेतला. तो थरथरत होता. तो त्यांनी बराच वेळ तसाच धरून ठेवला आणि म्हणाले, "तुन्हा हात घाबरेल शेतस. असाच हात पाहिजे. नही घाबरस त्यानं पान वाटू नही."

पानं वाटण्याच्या कामाला कुणी नव्यानं लागणार असेल तर हे पहिलं वाक्य त्यानं ध्यानात ठेवावं. निदान थरथरताना जरा बरं वाटतं.

मग माझी शिकवणी सुरू झाली. नंदुरबारला चाचांच्या घरी. एक खोली, पुढे छोटं अंगण, अंगणात इतक्या वर्षांच्या फुटक्या काचांचा भुगा. ऊन पडलं की अंगण आभाळासारखं चमकायचं. घरात दुसरं माणूस नव्हतं. चुलीपाशी एक ताट, एक वाटी, एक गडवा. मी गेल्यावर चाचा शेजारून दुसरं ताट मागून आणायचे.

पहिला धडा पत्त्यांचा नव्हताच. त्यांनी माझ्यापुढे एक दुधीभोपळा ठेवला आणि काचेच्या बांगड्यांची माळ. "भर." भोपळ्याला बांगड्या भरायच्या, एकही न फुटता. मी पहिल्याच दिवशी एवढ्या फोडल्या की चाचांनी ओळीनं निरनिराळ्या रंगांच्या दिल्या, म्हणजे निदान अंगणाला शोभा येईल. "दाब नको देऊ. हात काय मागस ते देख." आता भोपळा काय मागणार! पण हळूहळू जमलं. एके दिवशी भोपळ्याच्या मानेवर बांगडी अलगद उतरली, आणि मला इतका आनंद झाला की मी टाळी वाजवली. भोपळा मांडीवरून गडगडला आणि बांगडी फुटली.

नंतर पत्ते. चाचांचे धडे मी जसे आठवतील तसे सांगतो, कारण अशा गोष्टी कुणी शिकवत नाही. नखं सकाळी कापायची, लांब नखानं पत्त्यावर खूण पडते आणि खून पडायला तेवढी खूण पुरते. हात राखेनं धुवायचे. रस खायचा नाही, आखाजी असली तरी. चिकट बोटाला एकाऐवजी दोन पानं येतात. बाह्या कोपराच्या वर, म्हणजे बाहीत काही नाही हे सगळ्या जगाला दिसावं. पत्ते पिसताना तळचं पान कुणाच्या नजरेला पडू द्यायचं नाही. पिसून झाल्यावर दुसऱ्याकडून कापून घ्यायचे. पान हवेतून फेकायचं नाही, जमिनीला चिकटून सरकवायचं, "नाग जास तसं." पाणी बसण्याआधी प्यायचं. माशी बसली तर बसू द्यायची. हरणाऱ्याची कीव करायची नाही, जिंकणाऱ्याबरोबर हसायचं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं: "वाटनारले तोंड नही ऱ्हास." कुणी काही विचारो, शिव्या देवो, आपण मुकं.

हे शेवटचं मला सगळ्यात सोपं गेलं. दौलत पाटलांसमोर माझी वाचा तशीही बसायची.

शिकवणी संपायच्या दिवशी चाचांनी एक अजब धडा दिला. पान सरकवताना अंगठा किंचित ढिला सोडायचा, म्हणजे ते आपोआप उलटं होऊन उघडं पडतं. वाऱ्यानं पडल्यासारखं. "हाई बी शिक," म्हणाले.

मला हसू आलं. म्हटलं, "चाचा, हे मला तुम्ही शिकवायच्या आधीपासून येतंय."

"तुन्हा हातथून पान सुटस. सोडनं येगळं शे."

"पण सोडायचं कशाला?"

चाचा पत्ते गोळा करू लागले. त्यांच्या वाकड्या अंगठ्याकडे बघून मीच विषय बदलला. "हा अंगठा कशानं झाला?"

"बांगडी फुटनी, बेटा."

गावातली हकीकत वेगळी होती, आणि ती मला ठाऊक होती. चाचांच्या हातून एरवी पान कधी पडत नसे. पण आखाजीला, एवढ्या वाटपात, एखादं उघडं पडायचंच. दर वर्षी न चुकता. गावाला त्याची सवय झाली होती. ते पडलं की सगळं छप्पर ओरडायचं, "पडनं रे पडनं! आखाजीनं पान पडनं!" आणि हसायचं. पण आदल्या आखाजीला ते पडलं तेव्हा दौलत पाटलांच्या हातात तीन एक्के जमले होते. पाटील हसले नाहीत. लाठी उचलली आणि सतरंजीवर टेकलेल्या चाचांच्या हातावर आणली. चाचांनी "या अल्ला" एवढंच म्हटलं, डाव्या हातानं पत्ते गोळा केले आणि पुढचा डाव पिसला, असं सांगतात. मी तेव्हा खळ्याच्या भिंतीमागे होतो. आवाज तेवढा ऐकला. तो आवाज मग मला झोपेतसुद्धा ऐकू यायचा, वाळलेली काडी मोडल्यासारखा.

तर त्याच जागी आता मला बसायचं होतं. त्याच लाठीसमोर. माझे दोन्ही अंगठे तोवर सरळ होते आणि मला त्यांची माया होती.

आखाजी उजाडली. सकाळी मी उगाचच चाचांजवळ जाऊन बसलो. ते निंबाखाली लेकींना बांगड्या भरत होते. मंजुळा आली. ती खाललीची, आमच्या घराच्या मागे तिचं माहेर. लग्नानंतरची पहिलीच आखाजी. तिची आई ती लहान असतानाच गेली होती, आणि बापानं दुसरी बायको आणून तिला लवकर उजवून टाकलं होतं. तिनं हात पुढे केला. त्या हातात चांदीचं एक कडं होतं, जुनं, झिजून एका बाजूला पातळ झालेलं.

चाचांचे हात थांबले. कडं त्यांनी बोटानं फिरवलं. "हाई तुन्ही मायनं शे."

"तुम्हले कसं माहीत, चाचा?"

"ह्या कडानी वर मी बांगड्या भऱ्यात ना. तू पोटमा व्हती तवय." मग मान खाली घालूनच म्हणाले, "हात बी तिनाच शे. जप."

मंजुळानं कडं दुसऱ्या हातानं झाकलं. बांगड्या भरून झाल्यावर झोक्याकडे पळाली.

दुपारी छपराखाली सतरंजी पसरली. मी राखेनं हात धुतले, नखं कापली, पाणी प्यायलो, पुन्हा प्यायलो. पत्ते हातात घेतले तर ते आपोआपच पिसले जाऊ लागले, इतका मी कापत होतो. चाचा माझ्यामागे खांबाला टेकून बसले. समोर दौलत पाटील.

"का रे वामन्या, हात का थरथरी ऱ्हायनात?"

मी मुका.

"पान पडनं त हात तोडी टाकसू, हां."

सगळे हसले. पाटील हसले नाहीत, म्हणून मीही नाही. पहिला डाव वाटला. पानं नागासारखी नसली तरी गांडुळासारखी का होईना, जमिनीवरून सरकली. दुसरा, तिसरा. मधे एकाला चार पानं गेली. त्यानं इमानदारीनं एक परत दिलं, आणि मी कृतज्ञतेनं त्याच्याकडे बघून हसणार तेवढ्यात मागून चाचांनी माझ्या कमरेत बोट खुपसलं. एक माशी माझ्या नाकावर बसून मिशीपर्यंत सावकाश फिरून आली. मी हललो नाही. हळूहळू असं वाटू लागलं की हा दिवस सगळ्या बोटांनिशी पार पडेल.

मग मंजुळाचा नवरा परत आला, गुलाब. धानोऱ्याचा. तिला न्यायला आलेला, पाहुणा म्हणून छपराखाली मानानं बसवलेला. पोरगा वाईट नव्हता, नुसता उतावळा होता. दुपारभर हरत होता आणि प्रत्येक हरण्यानंतर कान जास्त लाल होत होते. आता तो झोक्याकडे जाऊन आला होता. त्यानं रुमालाची गाठ सोडली आणि सतरंजीवर ठेवलं ते कडं. झिजून एका बाजूला पातळ झालेलं.

नंतर कळलं, त्यानं मंजुळाला सांगितलं होतं की कडं ढिलं झालंय, सोनाराकडून दाबून आणतो.

पाटलांनी कड्याकडे बघितलं. मिशीला हात लावला. "जवाई, हाई घरनी लक्ष्मी शे. इचार करी ल्या."

"वाट," गुलाब मला म्हणाला. त्याचा आवाज चिरकला.

"बरं," पाटील म्हणाले. "मन्ही काबरी गोऱ्ही." त्यांची चितकबरी कालवड, ज्या कालवडीसाठी अख्खं गाव जीव टाकायचं, ती त्यांनी कड्यासमोर लावली. बाकीच्यांनी अंग काढून घेतलं. दोघांचाच डाव. छप्पर गप्प. निंबाकडून झोक्याचं गाणं तेवढं येत होतं, आणि त्या गाण्यातला एक आवाज मंजुळाचा होता.

मी पत्ते पिसू लागलो, तेव्हा चाचा उठले. ते खांब सोडून चालत माझ्या समोर आले, निंबाकडे पाठ करून पाटलांच्या शेजारी बसले आणि त्यांनी आपला उजवा हात सतरंजीवर ठेवला. पंजा पसरून. वाकडा अंगठा माझ्याकडे. वाटणाऱ्याला तोंड नसतं म्हणणारे चाचा एवढंच बोलले, "वामन, हात देख."

मी बघितला. आणि माझ्या मठ्ठ डोक्यात एकेक गोष्ट पाय न वाजवता येऊन बसली. दर आखाजीला पडणारं एकच पान. ते कधी पडायचं, ते मला आठवू लागलं. एका वर्षी कुणाच्या बायकोच्या तोरड्या लागल्या होत्या तेव्हा. एका वर्षी नथ लागली होती तेव्हा. आदल्या वर्षी, पाटलांच्या तीन एक्क्यांसमोर, कुणाच्या तरी सुनेच्या पाटल्या होत्या. चाचांच्या हातून पान पडत नव्हतं, पाडलं जात होतं. सकाळी ज्या हातात बांगडी भरली, तो हात दुपारी उघडा होऊ द्यायचा नाही, एवढंच त्या माणसानं इतकी वर्षं मनात धरलं होतं. आणि गाव त्याला म्हातारपण म्हणून हसत होतं.

मला घाम फुटला. म्हणजे तो आधीच फुटला होता, आता वाहू लागला. कारण आता ते पान मला पाडायचं होतं. आणि लाठी माझ्या हातापासून वीतभर.

माझ्या सबंध आयुष्यात मी हातातल्या वस्तू पाडत आलो. वाट्या, भांडी, एकदा आत्याचं पोर. ते सुदैवानं गवतावर पडलं. पण त्या दिवशी, देवाशपथ सांगतो, माझ्या हातातून पान पडेना. पाटलांना पहिलं, नागासारखं. गुलाबला पहिलं, नागासारखं. अंगठा ढिला सोडायचा म्हटलं की भीतीनं तो अधिकच घट्ट होत होता. पाटलांना दुसरं. गुलाबला दुसरं. चाचांनी बघून खूश व्हावं अशी वाटणी मी आयुष्यात पहिल्यांदाच करत होतो, आणि चाचा खाली बघत होते. त्यांचा पंजा हलला नाही. पाटलांना तिसरं गेलं. झाकलेलं.

आता एकच पान उरलं, गुलाबचं शेवटचं. निंबाकडचं गाणं थांबलं होतं.

मी डोळे मिटले आणि समोर सतरंजी नसून भोपळा आहे असं धरलं. दाब नको देऊ. अंगठा सैलावला. पान हलकं झालं. मग छपरात एकदम श्वास घेतल्याचा आवाज आला, आणि डोळे उघडले तर सतरंजीवर बदामाची दुर्री तोंड वर करून माझ्याकडे बघत होती.

पाटील उठले. लाठीसकट. मला पुढचं नीट सांगता येणार नाही, कारण मी पुन्हा डोळे मिटले. हात मागे घ्यायचं मात्र जमलं नाही. तो सतरंजीला खिळल्यासारखा राहिला. मग त्याच्यावर काहीतरी कोरडं, उबदार येऊन पडलं. चाचांचा हात. वाकड्या अंगठ्यासकट त्यांनी माझा पंजा झाकून टाकला होता.

"पाटील," चाचांचा आवाज आला, "पोऱ्या नवा शे. मारनं व्हई त अठे मारा. हाऊ आधीच मोडेल शे."

माझ्या हातावरचा तो हात जराही कापत नव्हता. कापणारा फक्त माझा होता, त्याच्याखाली. मग मागच्या बाजूनं, वरल्या आळीच्या कुण्या म्हाताऱ्याचा बोळका आवाज उठला, "पडनं रे पडनं! आखाजीनं पान पडनं!" खालली आळीही त्याला मिळाली. सगळं छप्पर हसू लागलं, पण ते हसू नेहमीचं नव्हतं. जरा मोठं, जरा घाईचं, जणू सगळ्यांनी मिळून पाटलांच्या लाठीला धरलं होतं. लाठी खाली आली ती माझ्याशेजारच्या पाण्याच्या मडक्यावर. मडकं फुटलं, सतरंजी भिजली.

"म्हातारानं पोऱ्याले बी म्हातारा करी टाकं," पाटील म्हणाले आणि कालवडीचं दावं सोडायला निघून गेले. त्यांना सगळं कळत होतं की नाही, हे मी आजतागायत ठरवू शकलेलो नाही. पुढच्या आखाजीला त्यांनी लाठी घरी ठेवली, एवढं खरं.

गुलाबनं कडं उचललं. मोडलेल्या डावातली वस्तू, पुन्हा मांडायची सोय नाही. तो झोक्याकडे निघाला, पाय ओढत. छपरातून निंब समोर दिसत होता. मला दिसत होता, चाचांची त्याकडे पाठ होती.

ऊन उतरल्यावर मी चाचांना गावाच्या शिवेपर्यंत सोडायला गेलो. आंब्यांची पाटी मी डोक्यावर घेतली होती, आणि तीही माझ्याकडून दोनदा कलंडली. चाचा पुढे चालत होते. मग खाली बघतच म्हणाले, "आज बांगडी फुटनी नही."

मी म्हटलं, "मडकं फुटलं, चाचा."

ते जरा हसले. थोडं चालले, थांबले. कुणाची चोरी करतो आहोत अशा आवाजात त्यांनी विचारलं, "वामन, तू समोर व्हता. तिनी कडं घालं तवय... हसनी का रे ती?"

मला काहीच दिसलेलं नव्हतं. मी त्या वेळी माझी दहा बोटं मोजत होतो. पण चाचा वाट बघत होते, आणि त्यांच्या लक्षात येऊ नये म्हणून मी पाटी नीट करत म्हणालो, "हसनी, चाचा. लई हसनी."

"मायना मायक?"

"मायना मायक. थेट मायसारखी."

चाचांनी मान हलवली. मग का कुणास ठाऊक, त्यांनी ती मान वर केली आणि जन्मात पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे बघितलं. बराच वेळ बघत राहिले. त्यांचे डोळे तपकिरी होते, हे मला तेव्हा कळलं.

"अरे," ते म्हणाले, "तुले मिशा कव्हय उन्यात?"